असईचे हरकारे खरंच फितूर होते का?

प्रश्न जालना जिल्ह्यातल्या एका वाचकाचा आहे. थोडक्यात असा: "असईच्या लढाईच्या वेळी हरकाऱ्यांनी (बातमी काढून आणणाऱ्या हेरांनी) इंग्रज सेनापती वेलस्लीला शिंदे-भोसल्यांच्या छावणीची जागा चुकीची सांगितली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात, आपल्याच लोकांनी गोऱ्याला मुद्दाम चकवलं. यात तथ्य किती? आमच्या घरी त्या काळातला म्हणून सांगितला जाणारा एक मोडी कागद आहे. त्यात फौजेचे आकडे आहेत. हेरांच्या असल्या बातम्यांवर किती विसंबायचं?"

मी मोडी वाचून पोट भरणारा माणूस. सव्वीस वर्षं जुन्या दफ्तरांचे रुमाल सोडायचे, कागद वाचायचे, पुन्हा बांधून ठेवायचे, एवढंच करत आलो. त्यातले पुष्कळ कागद बातमीपत्रांचे असतात. कोणाची फौज कुठे उतरली, दाणा-वैरण कशी आहे, कोण सरदार रुसलाय, अशा मजकुराचे. त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. फक्त एक आधीच सांगतो. तुमचा कागद मी पाहिलेला नाही. तो अस्सल आहे की नक्कल, लढाईआधीचा की नंतरचा, कोणी कोणाला लिहिलेला, यावर बरंच अवलंबून आहे. तेव्हा कागदाबद्दल शेवटी बोलू. आधी असई.

फितुरीचा मुद्दा लवकर संपतो. पुरावा नाही. पण "हरकाऱ्यांनी चुकीची बातमी दिली" हे वाक्य मुळात आलं कुठून, ते पाहण्यासारखं आहे. लढाई झाली २३ सप्टेंबर १८०३ ला. वेलस्ली जिंकला, पण अंगावर काटा येईल अशी किंमत देऊन. त्याच्या बाजूचे ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. सगळी फौज दहा हजारांच्या आत, तिच्यातही निम्मे म्हैसूरकरांचे आणि पेशव्यांचे स्वार. दुसऱ्या दिवशी त्याच्याच बाजूच्या कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी येऊन मिळणार होती आणि दोघांनी मिळून हल्ला करायचा, असं २१ तारखेला बदनापुरात ठरलं होतं. मग हा गडी एक दिवस थांबला का नाही? ईस्ट इंडिया कंपनीतल्या टॉमस मन्रोसारख्या जाणत्या माणसाने नेमकं हेच विचारलं. त्याला उत्तर म्हणून वेलस्लीने १ नोव्हेंबरला एक लांबलचक पत्र लिहिलं. त्या पत्राच्या सुरुवातीलाच तो मोकळेपणाने सांगतो की तुमचं मत माझ्या बाजूचं व्हावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून हे सगळं लिहितोय.

म्हणजे बघा, हरकाऱ्यांच्या चुकीचा आपला मुख्य साक्षीदार कोण? ज्याच्यावर घाईचा ठपका आलाय तोच सेनापती, लढाईनंतर सहा आठवड्यांनी, आपली बाजू मांडताना. म्हणून तो खोटं बोलतोय असं नव्हे. मला तर तो बऱ्यापैकी खरं बोलतोय असंच वाटतं. पण कैफियत आणि बातमी या दोन जातींचे कागद आहेत, आणि एक वाचताना दुसऱ्याचा चष्मा लावून चालत नाही.

आता त्याच पत्रातले आकडे जरा शेजारी-शेजारी ठेवा. तो लिहितो, शत्रू भोकरदनला आहे अशी बातमी होती. म्हणून मी २३ तारखेचा मुक्काम भोकरदनपासून बारा-चौदा मैलांवर पडेल असा बेत केला. मुक्कामाच्या जागी, म्हणजे नळणीला (इंग्रजी कागदांत नौलनिया) पोचलो तर कळलं की शत्रू पाच-सहा मैलांवरच आहे. आणि पुढे तोच खुलासा करतो: त्यांची उजवी बाजू खरोखरच भोकरदनला होती. तिथलं मोठं ठिकाण ते, आसपासच्या मुलखालाही त्याचंच नाव. पायदळ मात्र डाव्या बाजूला, असईपाशी, भोकरदनपासून सहा-आठ मैलांवर.

बारा-चौदातून सहा-आठ वजा करा. साधारण सहा उरतात. चुकलेलं अंतर म्हणजे बरोबर त्या छावणीची लांबी!

हरकाऱ्याला विचारलं असणार, "लष्कर कुठं आहे?" त्याने सांगितलं, "भोकरदनास." यात काय चुकलं? आजही कोणी विचारलं, "गाव कुठलं?" तर आपण ज्याला सांगतो त्याच्या ओळखीचं नाव सांगतो. वाडीचा माणूस गावाचं नाव सांगतो, गावाचा तालुक्याचं, आणि मुंबईत गेला की सरळ "जालना". हरकाऱ्याने परगण्याचं नाव सांगितलं, साहेबाने नकाशावर टिंब काढलं. तीस-चाळीस हजार घोडी आणि त्यांच्याबरोबरचे बुणगे (न लढणारी माणसं) एका टिंबात मावत नाहीत. घोड्यांना पाणी लागतं, वैरण लागते. असलं लष्कर नदीच्या कडेकडेने कोसच्या कोस पसरून उतरतं. "लष्कराची उजवी कुठं, डावी कुठं, आणि पलटणी कुठल्या टोकाला?" हा प्रश्न विचारला असता तर उत्तर मिळालं असतं की नाही, कोण जाणे. पण चूक बातमीत कमी आणि सवालात जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

नावांवरून मी स्वतःही तोंडावर आपटलेलो आहे, म्हणून हे जरा पोटतिडकीने लिहितोय. मोडीत शब्द तोडून लिहायची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, विरामचिन्हं नाहीत. उमेदवारीच्या काळात एका बातमीपत्रात मी "पिंपळगाव" वाचलं आणि मला ठाऊक असलेल्या पिंपळगावी ती फौज नेऊन बसवली. नकाशा काढला, टिपण लिहिलं, फुशारकीने ज्येष्ठांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "कालचा मुक्काम कुठला?" मी सांगितला. "मग तोफा एका दिवसात तीस कोस उडत गेल्या का रे?" महाराष्ट्रात पिंपळगावं किती आहेत हे मोजायच्या भानगडीत मी अजून पडलेलो नाही. पण तेव्हापासून ठिकाणाचं नाव वाचलं की आदल्या आणि पुढच्या मुक्कामापासून ते किती कोसांवर, हे पाहिल्याशिवाय पेन उचलत नाही. तोफा बैलांनी ओढायच्या असत. बैलाला कितीही चाबूक मारा, तो बैलाच्याच चालीने चालणार.

बातमीचा प्रवास कसा व्हायचा तेही डोळ्यांसमोर आणा. जासूद किंवा हरकारा बहुधा लिहिता-वाचता नसे. तो लष्कराच्या बाजारात शिरायचा. कधी फकीर होऊन, कधी वाण्याचा माणूस होऊन. पाहायचं, ऐकायचं, डोक्यात ठेवायचं, आणि पकडला गेला तर मान गेली. परत येऊन तो तोंडी सांगणार. कारकून ते मोडीत उतरवणार. साहेबाच्या तळावर मुनशी त्याचा फारसी नाहीतर हिंदुस्थानी मतलब सांगणार, आणि शेवटी कोणीतरी तो इंग्रजीत टिपणार. चार तोंडं, तीन-चार भाषा. मधल्या प्रत्येकाला वाटतं की आपण फक्त थोडं नीटनेटकं केलं. नीटनेटकं करताना सगळ्यात आधी गळतात ते "म्हणे", "बहुतेक", "असं ऐकलं" हे शब्द.

मूळ मराठी कागदात हे शब्द फार महत्त्वाचे असतात. जाणता बातमीदार त्यांचा वापर अगदी तोलून-मापून करतो. "जासूद पाहोन आला" वेगळं. "बाजारी बोलतात" वेगळं. "आवई आहे" म्हणजे त्याहून पातळ. आणि "तथ्य मिथ्य न कळे" असं लिहिलं असेल तर त्याने तुम्हाला हात जोडून सांगितलंय की बाबा रे, यावर घर बांधू नकोस. इंग्रजी तर्जुम्यात या चारही गोष्टी एकाच सपाट वाक्यात उतरलेल्या मी पाहिल्या आहेत. तेव्हा तुमच्या हाती अस्सल मराठी कागद असेल तर इंग्रजीपेक्षा एक पायरी तुम्ही जवळ आहात, हे लक्षात ठेवा.

वेलस्ली या बाबतीत अडाणी होता असं मात्र समजू नका. हरकाऱ्यांची वेगवेगळी टोळकी वेगवेगळ्या माणसांच्या हाताखाली ठेवून त्यांच्या बातम्या एकमेकींशी ताडून पाहायची त्याची रीत होती. त्या मोहिमेत त्याच्याजवळ राजकीय कामकाज पाहायला जॉन माल्कम असायचा, पण तो आजारी पडला आणि त्याच्या जागी एक तरुण आला. वय तेवीस. नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हो, तोच, पुढे पुण्याचा रेसिडेंट आणि मुंबईचा गव्हर्नर झालेला. असईला तो वेलस्लीच्या बरोबर घोड्यावर होता. हरकाऱ्यांकडून बातमी काढून घेण्याची त्याची शाळा ही अशी झाली. याच्याकडे परत येऊ.

नळणीला पोचल्यावर दुसरी बातमी आली, आणि माझ्या मते खरा पेच तिच्यात आहे. बातमी अशी: घोडदळ निघून गेलंय, पायदळ निघायच्या तयारीत आहे पण अजून जागेवर आहे. ही साफ चुकीची निघाली. सगळं लष्कर जागच्या जागी होतं. आता तुमच्या म्हाताऱ्या माणसांना चकवा शोधायचाच असेल तर तो इथे शोधावा. पहिल्या बातमीत काही नाही. पण मला इथेही डाव दिसत नाही. एवढ्या मोठ्या लष्करातून रोज हजारो घोडी वैरणीला बाहेर पडतात. धुरळा उठलेला पाहून कोणीतरी "स्वार निघाले" म्हटलं, एवढंच पुरेसं आहे. शिवाय ही बातमी वेलस्लीला हवीच होती. शत्रू हातचा निसटतोय, आत्ताच धरला पाहिजे! महिनाभर तो याच धाकात होता की हे लोक लढाई न देता निजामाच्या मुलखात पसरतील. मनात धाक असला की त्याला पुष्टी देणारी बातमी फार चटकन खरी वाटते.

त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की खात्री करणं भाग होतं, पण अख्खी फौज बरोबर घेतल्याशिवाय टेहळणीला जायची हिंमत नव्हती. या एका वाक्यात त्या काळच्या टेहळणीचं सगळं दुखणं आहे. समोर तीस-चाळीस हजार स्वार. त्यांचा पडदा एवढा दाट की दहा-वीस माणसं दुर्बीण घेऊन पुढे गेली तर परत येणार नाहीत. म्हणजे पाहायला जायचं तर सगळ्यांनी जायचं, आणि सगळे गेले की दिसल्यावर परत फिरणं लढण्यापेक्षा अवघड. सकाळी चौदा मैल चालून आलेलं पायदळ त्याने पुन्हा चालवलं आणि स्वतः घोडदळ घेऊन पुढे झाला. उंचवट्यावरून पाहिलं तर केळणा नदीच्या पलीकडे सगळंच लष्कर पसरलेलं.

आता नदीचा किस्सा. इंग्रजी कागदांत तिला कैतना म्हणतात. दोन्ही काठ खडे. वाटाड्यांनी सांगितलं, या बाजूला उतार, म्हणजे पाण्यातून पार होण्याजोगी जागा, नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं तर एका काठाला पिंपळगाव आणि समोरच्याच काठाला वरूर, अगदी तोंडाला तोंड लावून. त्याने ताडलं की दोन गावं इतकी जवळ वसली आहेत म्हणजे येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे. तपास केला तर उतार होता. त्या उतारातून फौज पार झाली. पार होत असतानाच पहिल्या गोळ्यांपैकी एकाने त्याच्या शेजारच्या ऑर्डर्ली स्वाराचं डोकं उडवलं.

हा किस्सा त्याने पुष्कळ वर्षांनी, म्हातारपणी सांगितलेला. त्यामुळे थोडा घासूनपुसून चकचकीत झालेला असणार, हे धरून चाला. तरी मला तो पटतो, आणि पटण्याचं कारण पुस्तकात नाही. असल्या दोन काठांवरच्या गावांत मी फिरलोय. खेडेगावात नदीच्या पलीकडे सोयरिकी असतात, पलीकडच्या शिवारात वाटणीचं रान असतं, अलीकडचा देव आणि पलीकडची जत्रा असते. एका ठिकाणी पुलाच्या आधी कसे जात होता, असं विचारलं तर आजोबांनी नुसतं हनुवटीने दाखवलं. काठ तिथे जरा खचलेला, गाडीच्या चाकांनी झिजलेला. बाहेरच्या माणसाला दहा पावलांवरूनही कळला नसता. मग वाटाडे "उतार नाही" का म्हणाले असतील? ते खोटं बोलले असं धरायची गरज नाही. तोफांचे गाडे आणि पलटणी नेण्याजोगा उतार नाही, असंही त्यांच्या मनात असू शकतं. सप्टेंबरातलं पाणी, खडा काठ. परत सवालाचाच घोळ.

एक गोष्ट मात्र कुठल्याच हरकाऱ्याने सांगितली नव्हती, आणि सांगूही शकला नसता. वेलस्लीचा हिशेब होता की आपण डाव्या बगलेवर उतरलो की समोरच्या पलटणींना वेळेत तोंड फिरवता येणार नाही. पण शिंद्यांच्या कंपूचा (कवायती पलटणींच्या फौजेचा) प्रमुख पोलमन, मूळचा हानोव्हरचा, एके काळी कंपनीच्याच नोकरीत सार्जंट असलेला माणूस. त्याने पायदळ आणि तोफा काटकोनात फिरवून नव्या रांगेत उभ्या केल्या. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात इंग्रजांच्या समोर तोफांची भिंत उभी राहिली. हरकारा तोफा मोजू शकतो. पलटण कवायतीत किती पक्की आहे हे तो बाजारात बसून कसं मोजणार? लढाईत इंग्रजांचं मोठं नुकसान झालं ते असई गावासमोर, उजव्या बाजूला. तिथल्या टेहळणी तुकडीच्या अधिकाऱ्याने हुकूम चुकीचा समजून घेतला आणि तो थेट गावाच्या तोफांवर चालून गेला. त्याच्यामागून ७४ वी पलटण गेली आणि जवळजवळ कापून निघाली. म्हणजे मराठी-फारसी-इंग्रजीचा घोळ सोडा, इंग्रजाचं इंग्रजी इंग्रजाला कळलं नाही.

तर आत्तापर्यंतचं एका दमात: पहिली बातमी खरी होती आणि चुकीची वाचली गेली, दुसरी चुकीची होती आणि हवी होती म्हणून खरी मानली गेली, आणि उताराची बातमी कोणी दिलीच नाही, ती गावांच्या ठेवणीवरून वाचली गेली. फितुरी यात कुठेच बसत नाही.

आता आकडे, कारण तुमच्या कागदात तेच आहेत.

बातमीपत्रातल्या आकड्यांत तोफांवर मी सगळ्यात जास्त भरवसा ठेवतो. तोफ ही मोजता येणारी, मोठी, एका जागी उभी राहणारी वस्तू. शिवाय लढाईनंतर जिंकणारा त्या पुन्हा मोजतो. असईला ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या, असा आकडा सहसा दिला जातो. पायदळाचा आकडा त्यानंतर, कारण पलटणींची संख्या निशाणांवरून कळते आणि एका पलटणीत किती माणसं याचा अंदाज असतो. पोलमनचा कंपू, बेगम समरूच्या पलटणी, दुपाँच्या पलटणी, असं नावानिशी सांगितलं असेल तर बातमीदाराने बहुधा पाहून सांगितलंय. सगळ्यात कच्चा आकडा घोडदळाचा. तो नेहमी गोल असतो. वीस हजार, चाळीस हजार, "लाख फौज".

याचं कारण नुसती अतिशयोक्ती नव्हे. सरदाराच्या सरंजामाच्या कागदावर पाच हजार स्वार असतात, प्रत्यक्ष हजेरीत तीन. "कागदी घोडे नाचवणे" आपण उगाच म्हणत नाही. पुन्हा जी माणसं दिसतात त्यांतही खोगीरभरती किती आणि तलवार चालवणारे किती? मराठी लष्कराबरोबर बाजार असे, बायका-पोरं असत, वंजाऱ्यांचे तांडे असत, यात्रेकरूही चालत. टेकडीवरून रात्री चुली मोजणाऱ्याला भाकरी भाजणारी बाई आणि शिलेदार सारखेच. म्हणून मी घोडदळाचा आकडा आला की तो फक्त त्याच बातमीदाराच्या आधीच्या आकड्याशी ताडतो. गेल्या आठवड्यात याच माणसाने वीस म्हटलं होतं आणि आज तीस म्हणतोय, तर फौज वाढली हे खरं धरावं. तीस हे खरं धरू नये.

वैरण-दाण्याचा भाव दिला असेल तर तो मात्र सोडू नका. "जोंधळा रुपयास इतके शेर" अशी एक ओळ कित्येकदा दहा हजारांच्या आकड्यापेक्षा जास्त सांगून जाते. भाव चढला म्हणजे लष्कर त्या जागी फार दिवस राहिलंय, आता हलणार. जासुदाला हा भाव कळायला कोणाला लाच द्यावी लागत नाही. तो स्वतः जेवतो ना!

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर एल्फिन्स्टनकडे परत जाऊ. चौदा वर्षांनंतर, १८१७ च्या ऑक्टोबरात तो पुण्यात संगमावरच्या रेसिडेन्सीत बसलाय आणि शहराभोवती पेशवे दुसऱ्या बाजीरावाची फौज गोळा होतेय. दोन्ही बाजूंनी हेरगिरी जोरात. बाजीरावाचा बेत होता कंपनीच्या शिपायांना फोडायचा. त्यासाठी पैसा पेरला जात होता, आणि पेरणारे येऊन सांगत होते की पीक छान आलंय. प्रत्यक्षात फोडायला गेलेल्यांची खबर शिपाईच आपल्या अधिकाऱ्यांना देत होते. यशवंतराव घोरपड्यांसारखा, ज्याच्यावर बाजीरावाने हे काम सोपवलं, तोही एल्फिन्स्टनला आतली खबर देऊन मोकळा झाला. एल्फिन्स्टनला खबरा पुरवणाऱ्या बाळाजीपंत नातूंचं नाव तर तुम्हाला सांगायला नको.

एल्फिन्स्टनने १ नोव्हेंबरला फौज गारपिरावरून खडकीला हलवली. ५ तारखेला लढाई झाली. पलटणी फुटल्या नाहीत. दापोडीला असलेली, पेशव्याच्याच पैशाने उभी केलेली मेजर फोर्डची पलटणसुद्धा इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली. इंग्रजांचे मेले-जखमी मिळून ८६.

इथे फितुरी होती, भरपूर होती. पण माझ्या लेखी बाजीरावाचं नुकसान फितुरांपेक्षा त्याच्या स्वतःच्या बातमीदारांनी जास्त केलं. धन्याला काय ऐकायचंय हे ओळखून ते सांगत राहिले. नळणीला वेलस्लीला जे एका दुपारी झालं ते बाजीरावाला महिनाभर होत राहिलं. वेलस्ली निदान स्वतः उंचवट्यावर जाऊन पाहून आला. बाजीराव लढाईच्या दिवशी पर्वतीवर होता. एल्फिन्स्टनलाही सगळ्या बातम्या खऱ्या मिळत होत्या असं नाही. फरक एवढाच की त्याच्याकडे एकच गोष्ट तीन-चार अशा लोकांकडून येत होती ज्यांची एकमेकांशी गाठ नव्हती. शिपाई वेगळा, सरदार वेगळा, नातू वेगळे.

आणि हो, इंग्रजांनाही भाषेने चकवल्याची गोष्ट आपल्याकडे आहेच. १८१६ च्या सप्टेंबरात बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यातून पळाला. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते. सांगतात की बाहेर घोड्याला खरारा करणारा एक मोतद्दार रोज गाणं म्हणायचा आणि त्या गाण्यातूनच पळायचा बेत आत पोचला. गोष्ट नंतर रंगवलेली असेल. पण पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं, हे काही रंगवलेलं नाही.

आता तुमचा कागद. पहिली विनंती, त्याला टेप लावू नका, लॅमिनेट तर अजिबात करू नका. दोन्ही बाजूंचे फोटो सावलीत, उजेड तिरका ठेवून काढा. आकडा नंतर पाहू. मी आधी पाहतो ती तारीख. त्या काळच्या कागदावर "छ" लिहून मुसलमानी महिन्याची तारीख असते. १८०३ चा पावसाळा आणि हिवाळा असेल तर वर्षाच्या जागी "अर्बा मयातैन व अलफ" दिसेल, म्हणजे सुहूर सन (मराठी दफ्तरातली वर्षगणना) १२०४. असईच्या दिवसांत जमादिलाखर महिना नुकता लागला होता. त्याच्या आधीची तारीख निघाली तर तो बातमीचा कागद असू शकतो. नंतरची निघाली तर तो लढाईची हकीकत सांगतोय, आणि हकीकत सांगणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. हरलेल्या बाजूचा माणूस समोरच्याची फौज वाढवून सांगणार, जिंकलेल्या बाजूचाही समोरच्याचीच फौज वाढवून सांगणार.

मग पाहा, लिहिणारा कुठे बसलाय. भोकरदनहून लिहितोय की पुण्याहून? पुण्याहून लिहिणाऱ्याच्या हाती बातमी चार-सहा दिवसांची शिळी असते, आणि तो बहुधा दुसऱ्याच्या पत्रातून उतरवतो. कागद नकलेचा असेल तर शाई, वळण आणि कागद यांवरून थोडंफार सांगता येईल, पण फोटोवरून मी छातीठोक बोलणार नाही.

पाठीचा फोटो विसरू नका. लोक नेहमी फक्त मजकुराची बाजू पाठवतात. पाठीवर किंवा वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात, वेगळ्या हाताने, एक तारीख लिहिलेली सापडते. ती पैवस्ती, म्हणजे पत्र पोचल्याची नोंद. पत्र निघाल्याची तारीख आत, पोचल्याची पाठीवर. तुमच्या कागदावर त्या दोन्ही असतील तर ती बातमी वाटेत किती दिवस होती हे कळेल. आणि लष्कर तेवढ्या दिवसांत कुठवर सरकलं असेल, ते तुम्ही त्याच मुलखातले, तुम्हीच मला सांगू शकाल.